पूल, वर्दळ आणि कृष्णधवल शहर

कृष्णधवल छायाचित्रात नगरदृश्यातून रंग वजा होतो, हे उघड आहे. रंगाबरोबर आणखी काय वजा होते, हा प्रश्न मात्र मुंबईतील पुलांच्या छायाचित्रणासंदर्भात क्वचितच विचारला जातो.

दादर-परळचे पूल हे लोहमार्गांनी दुभंगलेल्या गिरणगावाचे सांधे होत. त्यांचा अर्थ तुळयांच्या भूमितीत नसून त्यांवरील वर्दळीत आहे. प्रचलित कृष्णधवल चित्रणाला मात्र भूमितीचेच आकर्षण अधिक. शटर काही सेकंद उघडे ठेवले, की स्थिर लोखंड रेखीव उमटते आणि चालणारी माणसे धूसर होतात किंवा पुसली जातात. दागेरने १८३८ साली टिपलेल्या पॅरिसच्या रस्त्यावरील वर्दळ अशीच नाहीशी झाली. ठसठशीत उरला तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला गृहस्थ. त्याच्या पायाशी वाकलेला श्रमिक अस्पष्टच राहिला. तेथे ती तंत्राची मर्यादा होती. आज ती निवड आहे, आणि निवडीबरोबर उत्तरदायित्व येते.

१९८२च्या संपानंतर गिरण्या ओसरत गेल्या, त्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. पायी येणाऱ्यांची वाट मात्र अरुंदच राहिली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर पावसामुळे गर्दी खोळंबली आणि चेंगराचेंगरीत २३ जण मृत्युमुखी पडले. यानंतर या परिसरातील निर्मनुष्य पुलाचे चित्र निव्वळ आकृतिबंध म्हणून वाचणे शक्य नाही. स्थानकालगतचा जुना वाहतूक पूलही २०२५मध्ये पाडकामासाठी बंद झाला. म्हणजे त्याची छायाचित्रे आता दस्तऐवज ठरणार. वर्दळ वगळलेला दस्तऐवज कशाची साक्ष देणार?

रिव्हेटांच्या रांगा, घासलेल्या पायऱ्या यांतही श्रमाच्या खुणा असतात, असा प्रतिवाद करता येईल, आणि तो अंशतः ग्राह्य आहे. परंतु खूण आणि माणूस एक नव्हेत. दोष कृष्णधवल माध्यमाचाही नव्हे. सुधारक ओलवे यांच्या मुंबईतील सफाई कामगारांवरील छायाचित्रमालिकेत हेच माध्यम कामगाराचा देह आणि चेहरा यांवर दृष्टी खिळवून ठेवते. रंगाचा अभाव तेथे स्मरणरंजनाला नव्हे, तर अवधानाला साहाय्यभूत होतो.

नारायण सुर्वे आणि नामदेव ढसाळ यांच्या कवितेने मुंबईचे वाचन माणसापासून सुरू केले. पुलाच्या छायाचित्राची समीक्षाही तेथूनच सुरू व्हावयास हवी: रचना किती देखणी, या प्रश्नाआधी शटर किती काळ उघडे होते आणि त्या अवधीत कोण पुसले गेले, हे विचारले पाहिजे.