दूरचित्रवाणीवरील विक्रेत्याचा ‘मी’

बाजारातील बोलणे वाङ्मयात मोडत नाही, म्हणून भाषाभ्यासकाने त्याकडे पाठ फिरवावी असे नाही. शब्दावरील विश्वासाची किंमत रोख मोजली जाते, ते स्थळ बाजारच होय.

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या सारंगखेडे येथे दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजार भरतो. विक्रेता जनावराची चाल, रंग, भोवरे वाखाणतो. गिऱ्हाईक दात पाहते, घोडा चालवून पाहते, खोड काढते. विक्रेत्याच्या अतिशयोक्तीला येथे मज्जाव नाही. परंतु त्याच्या ‘मी सांगतो’ला ‘दाखवा’ हे उत्तर तयार असते. त्याचा ‘मी’ समोर उभा असतो.

दूरचित्रवाणीवरील विक्रीनिवेदकाचे संभाषण वरवर पाहता याच घाटाचे आहे. तोही ‘तुम्ही’ म्हणतो, प्रश्न विचारतो, ‘खरे ना?’ अशी पुस्ती जोडतो. मात्र उत्तराची पाळी श्रोत्याकडे कधीच येत नाही. पुष्कळदा दोन निवेदक असतात. एक शंका काढतो, दुसरा तिचे निरसन करतो. म्हणजे गिऱ्हाइकाची जागाही विक्रेत्याच्याच पक्षाने बळकावलेली असते. हॉर्टन व वोल यांनी १९५६ साली दूरचित्रवाणीवरील या एकतर्फी जवळिकीचे विवेचन केले, तेव्हा तिचा असा सर्रास व्यापार व्हावयाचा होता.

अमेरिकेत १९८६ मध्ये स्थापन झालेल्या ‘क्यूव्हीसी’ने निवेदन हाच व्यवसाय बनविला. १९९३ साली तेथे आलेले डेव्हिड व्हेनेबल पुढे दीर्घकाळ स्वयंपाकाच्या वस्तू विकत राहिले. त्यांची पडद्यावरील प्रतिमा विक्रीतूनच घडली. तिची पत त्यांनाच सांभाळावी लागली. भारतात २००८ मध्ये ‘होमशॉप १८’ ही विक्रीला वाहिलेली वाहिनी सुरू झाली खरी; तथापि येथील विक्री-कार्यक्रमांत पुष्कळदा चित्रपट वा मालिकांतून मिळविलेली कीर्ती उसनी आणली जाते. पत एका व्यवसायात कमावलेली, खर्च दुसऱ्यात.

त्यात भाषांतराची भर पडते. हिंदीत चित्रित झालेले निवेदन मराठीत डब होते, तेव्हा मुख एकाचे आणि वचन दुसऱ्याचे असते. ‘मी स्वतः वापरले आहे’ या वाक्यातील ‘मी’ कोण? चेहऱ्याने ते मराठी वाक्य उच्चारलेले नाही; ज्याने उच्चारले, त्याचे नाव कोणास ठाऊक नाही. शिवाय अहिराणी, भिली, पावरी वा गुजरी बोलणाऱ्या घरात ही प्रमाण मराठी शाळेची व कचेरीची भाषा म्हणून शिरते. बाजारू वचनाला अधिकारवाणीचे वजन येते ते असे.

हा प्रश्न केवळ शैलीचा नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, ज्याच्या अधिकारक्षेत्रात नंदुरबारही येते, जानेवारी २०२१ मध्ये ‘हनुमान चालीसा यंत्रा’सारख्या वस्तूंना दैवी गुण चिकटवून दूरचित्रवाणीवरून केलेली जाहिरात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार बेकायदेशीर ठरविली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीतील प्रसिद्ध व्यक्तीवर दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. योग्य ती शहानिशा केल्याचे दाखविता आले, तरच तिची सुटका होते.

कायद्याने येथे चेहऱ्याला पुन्हा ‘मी’ म्हणावयास लावले आहे. समीक्षेचे कार्यही तेच होय: निवेदन किती मोहक आहे हे पाहण्याआधी, त्यातील प्रथमपुरुष कोणाचा आहे, हे विचारणे. सारंगखेड्यास हा प्रश्न विचारावा लागत नाही. पडद्यासमोर तो विचारलाच पाहिजे.