हार्डिन यांचे कुरण आणि आपले गायरान

पर्यावरणाच्या तासाला एक गोष्ट हमखास सांगितली जाते. गावाचे एक कुरण असते. ते सर्वांचे असल्यामुळे प्रत्येक जण आपले आणखी एक जनावर त्यात सोडत जातो आणि अखेरीस कुरण उजाड होते. जे सर्वांचे ते कोणाचेच नाही, असे तात्पर्य फळ्यावर लिहून तास संपतो. मीही ही गोष्ट बरीच वर्षे अशीच सांगत आलो. काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका शिबिरात ती सांगून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका शिक्षकांनी विचारले, ‘‘सर, त्या कुरणाला राखणदार नव्हता का? आमच्या गावात दसऱ्यापर्यंत डोंगरच्या गवताला कोणी विळा लावू देत नसत.’’ हशा पिकला. मीही हसलो. घरी येऊन मूळ निबंध काढून पुन्हा वाचला, तेव्हा ध्यानात आले की प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

हा निबंध गॅरेट हार्डिन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाचा. १३ डिसेंबर १९६८ च्या ‘सायन्स’ या साप्ताहिकात तो ‘द ट्रॅजेडी ऑफ द कॉमन्स’ या नावाने प्रसिद्ध झाला. आपण त्याला ‘सामाईकाची शोकांतिका’ म्हणू. सहाच पानांचा हा निबंध इतका गाजला की अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि परिस्थितिविज्ञान या तिन्ही विषयांच्या पुस्तकांत तो जाऊन बसला. मात्र तो मुळात वाचलेले लोक थोडे असावेत. कारण निबंधाचा खरा विषय कुरण नाहीच, लोकसंख्या हा आहे. किती मुले व्हावीत हे कुटुंबानेच ठरवायचे, हे स्वातंत्र्य यापुढे परवडणारे नाही, हे हार्डिन यांना सांगायचे होते. कुरण येते ते दृष्टांत म्हणून आणि तेही दोन-चार परिच्छेदांपुरते. तो दृष्टांतही उसना आहे. विल्यम फॉर्स्टर लॉइड या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८३३ मध्ये छापलेल्या एका पुस्तिकेतून तो घेतल्याचे हार्डिन स्वतःच सांगतात. म्हणजे कुरणाविषयी जगात सर्वाधिक वाचल्या गेलेल्या या लेखनामागे एकाही प्रत्यक्ष कुरणाची पाहणी नव्हती.

दृष्टांताच्या गणितात मात्र चूक नाही. ते आकडे घालून करून पाहण्यासारखे आहे. पुढचे आकडे सोयीसाठी मी घेतलेले आहेत. समजा, १० कुटुंबे आणि प्रत्येकाच्या १० शेळ्या, म्हणजे एकूण १००. एका शेळीपासून वर्षाला २०० रुपये मिळतात. शंभराच्या वर एकेक शेळी वाढली की चारा कमी पडून कुरणातील प्रत्येक शेळीचे उत्पन्न २ रुपयांनी घटते. आता एका कुटुंबाने अकरावी शेळी आणली. प्रत्येक शेळीचे उत्पन्न १९८ वर आले, पण त्या कुटुंबाची कमाई २,००० वरून २,१७८ झाली. त्याला १७८ रुपयांचा लाभ. उरलेल्या नऊ कुटुंबांचे प्रत्येकी २० रुपये, म्हणजे एकूण १८० रुपये गेले. साऱ्या गावाचा तोटा फक्त २ रुपयांचा, म्हणून कोणाच्या डोळ्यांवरही येत नाही. पण असे सगळेच करू लागले आणि प्रत्येकाकडे १८ शेळ्या झाल्या की दर शेळीमागे ४० रुपये उरतात आणि दर कुटुंबाला ७२० रुपये. दोन हजारांवरून सातशे वीस. आणि गंमत अशी की त्या अवस्थेतही एखाद्याने एकोणिसावी शेळी आणली तर त्याचे ७२० चे ७२२ होतात! खड्ड्यात पडलेला माणूस आणखी दोन अंगुळे खोदतोच. हार्डिन यांची शोकांतिका ती हीच. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांकडून हे कोष्टक जरूर करून घ्यावे.

आता राखणदाराकडे वळू. या कोष्टकात एक स्तंभ नाही. दहाही कुटुंबे एकमेकांना ओळखतात, रोज एकाच वाटेने शेळ्या नेतात आणि संध्याकाळी एकाच पारावर बसतात. त्यांनी दर वर्षी प्रत्येकी १०० रुपये काढून राखणदार ठेवला, तरी प्रत्येकाजवळ १,९०० रुपये उरतात. ७२० पेक्षा हे केव्हाही बरे. नियम मोडणारा निम्म्या वेळाच पकडला गेला, तरी ३५६ रुपयांहून थोडा अधिक दंड ठेवला की अकरावी शेळी आणण्यात फायदा उरत नाही. हे गणित हार्डिन यांच्या गणिताहून कठीण नाही. निरक्षर माणसांनी ते शेकडो वर्षे केलेले आहे.

स्वित्झर्लंडमधील टोर्बेल या डोंगरी गावाचा १५१७ सालचा नियम उपलब्ध आहे. हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जितक्या गाई पोसता येतील, तितक्याच गाई उन्हाळ्यात वरच्या सामाईक कुरणावर न्यायच्या. या नियमातील हुशारी पाहावी. कुरणाची धारणक्षमता मोजण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही. शेजाऱ्याच्या गोठ्यात हिवाळ्यात किती गाई होत्या, हे मात्र साऱ्या गावाला ठाऊक असते. मोजायला सोपी आणि लपवायला कठीण अशी राशी त्यांनी निवडली. प्रयोगशाळेत आम्हालाही नेमके हेच करावे लागते.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवर फडपद्धती शेकडो वर्षे चालली. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली असे आणि एका फडात त्या वर्षी एकच पीक. कोणत्या फडात कोणते पीक आणि किती पाणी, हे सारे मिळून ठरवत. आपल्या शेताला शेतकऱ्याने स्वतः पाणी घ्यायचे नाही. ते काम बारेकऱ्याचे. पाटावर पाटकरी, पिकांवर जागल्या. जमीन प्रत्येकाची स्वतंत्र, पण पाणी आणि पीक यांचा निर्णय सामाईक. शेतीतील ‘टिकाऊपणा’ हा शब्द आज आपण बराच वापरतो. त्याचे एक जुने रूप असे होते.

हार्डिन यांना नियम हवेच होते, हे येथे सांगितले पाहिजे. ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांतील बहुसंख्यांनी आपसांत ठरवून स्वतःवर घातलेली सक्ती, हाच उपाय ते निबंधात सुचवतात. मला हा निबंधातील सर्वांत चांगला विचार वाटतो. पण फडाची पंचायत किंवा टोर्बेलचा ठराव म्हणजे हेच ना? सुशिक्षित नागरिक कायदे करून स्वतःला आवर घालतील, हे हार्डिन यांना दिसले. गुराखीही तसे करू शकतील, हे त्यांच्या मनात आले नाही. निबंधाचा दोष येथे आहे, आणि तो गणिताचा दोष नाही. माणसांकडे पाहण्याच्या नजरेचा आहे. तीस वर्षांनी, १९९८ मध्ये, ‘सायन्स’मध्येच लिहिताना हार्डिन यांनी मान्य केले की ‘सामाईक’ या शब्दामागे ‘व्यवस्थापन नसलेले’ हे विशेषण घालायचे राहून गेले, ही आपली मोठी चूक. प्रामाणिक कबुली आहे. पण एका विशेषणाने निबंधाचा अर्थच फिरतो, आणि पाठ्यपुस्तकांत मात्र पहिली आवृत्तीच चालू राहिली.

निबंधातून लोकांनी दोन उपाय उचलले. सामाईक जमीन एक तर सरकारने ताब्यात घ्यावी, नाही तर वाटून खासगी करावी. आपल्याकडे हे दोन्ही हार्डिन यांच्या कितीतरी आधी सुरू झाले होते. त्याचे खापर त्यांच्यावर फोडणे अन्यायाचे ठरेल. १८७८ च्या वन कायद्याने गावांच्या वापरातील रानांवर सरकारी शिक्का बसला आणि ज्याने रान राखायचे तोच चोर ठरला. स्वातंत्र्यानंतर गायराने आक्रमणांत आणि वाटपात गेली. एन. एस. जोधा यांनी कोरडवाहू भागातील गावांची पाहणी करून १९८६ मध्ये दाखवले की तीसेक वर्षांत गावांच्या सामाईक जमिनी कोठे पाव हिश्श्याने, तर कोठे निम्म्याहून अधिक घटल्या होत्या. त्या जमिनींवर सर्वाधिक विसंबून होते ते गावातील गरीब. २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी आक्रमणे हटवण्याच्या योजना आखण्याचे आदेश राज्यांना दिले. निबंधाने केले ते एवढेच, की आधीच चाललेल्या गोष्टीला शास्त्राचा आधार मिळाला.

खासगी मालकीने शोकांतिका टळते का, याचा पडताळा पाहायला कुरणही नको. शेजारच्या शेतातील विहीर पुरे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून आपल्याकडे समज असा की जमीन ज्याची, तिच्याखालचे पाणी त्याचे. पण दख्खनच्या काळ्या कातळात पाणी साठते ते मुरुमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत, आणि भेगा सातबारा पाहून पडत नाहीत. एकाने दोनशे फूट बोअर घेतले की शेजाऱ्याची विहीर आटते, मग शेजारी तीनशे फूट जातो. वरच्या कोष्टकातील एकोणिसावी शेळी ती हीच. जमीन काटेकोर खासगी असूनही भूजलाची गत हार्डिन यांच्या कुरणासारखी झाली.

येथे एक योगायोग नोंदवावासा वाटतो. हार्डिन कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील शाखेत शिकवत. त्याच विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी त्यांच्या निबंधाच्या तीन वर्षे आधी, १९६५ मध्ये, भूजलावरच प्रबंध लिहिला होता. वेस्ट बेसिन या भागात उपसा इतका झाला होता की समुद्राचे खारे पाणी आत शिरू लागले. तेथील पाणी उपसणाऱ्यांनी न्यायालयामार्फत आपसांत करार करून उपसा कमी केला आणि किनाऱ्यालगत गोडे पाणी जमिनीत भरून खारे पाणी थोपवण्याची सोय उभी केली. पुढे १९९० मध्ये ऑस्ट्रॉम यांनी ‘गव्हर्निंग द कॉमन्स’ या पुस्तकात टोर्बेलसारखी अनेक उदाहरणे तपासली. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. हार्डिन यांच्या कुरणाचे उत्तर एका अर्थी कुरणाच्या आधीच लिहून झाले होते. ते वाचले कोणी नाही.

आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यायचे नाही, माणशी अर्ध्या एकरापुरते द्यायचे, एका कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरते, आणि भूमिहीनालाही त्यात वाटा. ऊस लावायचा नाही. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर) चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली, शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस आणि केळी वर्ज्य केली. पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून त्या वर्षीची पिके ठरवायची, असा पाण्याचा ताळेबंद २००४ पासून ते मांडत आले आहेत. सरासरी पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपास. अशा गावात कोणी काय पेरावे हा एकट्याचा प्रश्न राहूच शकत नाही, हे त्यांनी ओळखले.

हार्डिन यांच्यावर टीका करणारे पुष्कळ जण मात्र दुसऱ्या टोकाला जातात. गाव म्हणजे एक कुटुंब, त्याच्या हाती दिले की सारे ठीक होईल, असे ते लिहितात. गावात राहिलेला माणूस असे लिहिणार नाही. चराईबंदीचा ठराव बहुमताने होतो, पण तिचा भार पहिल्या दिवशी पडतो तो तीन शेळ्या असलेल्या भूमिहीन बाईवर. वाढलेले पाणी मात्र विहीरवाल्याच्या शेतात निघते. ठरावाला तिने हात वर केला असेल, पण का केला हे विचारायला हवे. चंडीगडजवळच्या सुखोमाजरीत १९७०च्या दशकात पी. आर. मिश्रा यांना हीच अडचण आली. तेथील टेकड्यांची माती वाहून सुखना तलाव गाळाने भरत होता. जनावरे टेकडीवरून आवरायची, तर त्याच्या बदल्यात बंधाऱ्याच्या पाण्यात भूमिहीनांसह प्रत्येक घराला सारखा वाटा मिळाला पाहिजे, असे तेथे ठरले. मग काटेरी कुंपणाची गरज उरली नाही. पाणी पंचायत आणि सुखोमाजरी यांनी वाटपाचा प्रश्न आधी सोडवला आणि राखणीचा नंतर. आपल्या पाणलोट विकासाच्या अनेक कामांत हा क्रम उलटा असतो.

नियमही कायमचे टिकत नाहीत. फडपद्धती आळशीपणाने मोडली नाही. नद्यांवर वरच्या अंगाला धरणे झाली, फडातच विहिरी खोदल्या गेल्या, आणि स्वतःची विहीर असलेल्याला पाटकऱ्याची गरज राहिली नाही. गरज संपली की नियम पाळण्याचे कारणही संपते.

तेव्हा हार्डिन यांचा निबंध वर्गातून काढून टाका, असे मी म्हणणार नाही. शेळ्यांचे कोष्टक फळ्यावर मांडावे, ७२० पर्यंत जाऊ द्यावे, आणि मग मुलांना त्याखाली नियम लिहायला सांगावे. राखणदाराचा पगार कोण देणार? दंड झाला तर तो कशाने भरायचा, पैशाने की गवताच्या भाऱ्याने? ज्याच्याकडे शेळीच नाही त्याने वर्गणी का द्यावी? माझ्या अनुभवात शेवटच्या प्रश्नावर वर्गात भांडण होते आणि तास पुरत नाही. शिबिरातील त्या शिक्षकांना मी नंतर पत्र लिहून विचारले, की गवत कधी कापायचे ते तुमच्या गावात कोण ठरवत असे. उत्तर आले, पण त्यातली एक गोष्ट मला अजून नीट कळलेली नाही. ते लिहितात की आजोबांच्या वेळी ठरवणारे होते. आता डोंगर तोच आहे, गवतही उगवते, पण दसऱ्याआधीच ते संपलेले असते आणि ठरवायला कोणी बसत नाही.