न मरणारे मांजर

१९९६ साली जपानच्या बांदाई कंपनीने ‘तामागोची’ बाजारात आणले. अंड्याच्या आकाराच्या त्या खेळण्यातला जीव हेळसांड झाली की मरत असे. २०१३ च्या ‘माय टॉकिंग टॉम’मधले मांजर उपाशी राहिले तरी मरत नाही. ही सुधारणाच, असे मी मानत होतो. धर्माबादच्या घरी नातीचा खेळ पाहिला आणि मत बदलले. टॉमच्या खाऊला नाणी लागतात. जाहिरात पाहिली की नाणी मिळतात. मरणाची भीती गेली, तिच्या जागी दुकान आले. विसरले तरी काही बिघडत नाही, तिथे जपणे कसले? पोळ्याचा मातीचा बैल काहीच मागत नाही. पण पडला तर फुटतो. म्हणून नात तो दोन्ही हातांनी धरते.