हस्तलिखितसंग्रहांचे सहकार्य आणि दप्तराची उपेक्षा

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील मुंबई सरकारच्या संग्रहातली पोथी क्रमांक आणि साल अशा जोडीने निर्दिष्ट होते. हे साल पोथीच्या लेखनाचे नव्हे. सरकारी शोधमोहिमेत ती ज्या वर्षी हाती आली त्या वर्षाचे आहे. संग्रहाच्या कारभाराचा एवढाच अंश अभ्यासकाच्या नित्य दृष्टीस पडतो.

आपल्याकडील हस्तलिखितसंग्रहांनी परस्परांशी सहकार्य केलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी १९१९ ते १९६६ या काळात १,२५९ पोथ्या पाहिल्या गेल्या. पुण्याबाहेर शांतिनिकेतन व तंजावर येथे पाठमेलनाची केंद्रे होती. आउफ्रेख्टच्या बृहत्सूचीचे नवे संस्करण मद्रास विद्यापीठाने १९३५ मध्ये हाती घेतले, त्यालाही अनेक संग्रहांच्या सूचींचा आधार होता. परंतु या सर्व सहकार्याचा विषय ग्रंथ हा होता. कोणता ग्रंथ कोठे आहे हे त्यामुळे कळू लागले. तो तेथे कसा आला हे बहुधा अंधारातच राहिले.

ही उणीव केवळ कार्यालयीन नव्हे. डॉ. ब्यूलर यांनी १८७५-७६ च्या काश्मीरच्या दौऱ्यात जुन्या पोथ्या विकत घेतल्या, तशाच काहींच्या नव्या नकलाही करवून घेतल्या. अशी नक्कल आणि तिची मूळ पोथी, अथवा त्याच मुळाची दुसरी नक्कल, निरनिराळ्या संग्रहांत असल्यास त्या दोन स्वतंत्र साक्षी ठरत नाहीत. सुकथनकरांच्या पाठनिर्णयपद्धतीत स्वतंत्र परंपरांच्या एकमताला जे महत्त्व आहे, ते पाहता साक्षी स्वतंत्र आहेत की नाहीत हा प्रश्न टाळता येत नाही. अक्षरवळण व कागद यांवरून पुष्कळ कळते, सर्व नाही. ब्यूलरांच्याच मार्फत जैन पोथ्यांचा मोठा साठा बर्लिनला गेला व तेथे वेबरने त्याची सूची केली. एकाच संग्राहकाने मिळविलेल्या पोथ्या अशा दोन खंडांत विभागल्या असता, त्यांचा परस्परसंबंध जुळवायचा तो खरेदीची बिले, नकलनविसांच्या मजुरीच्या नोंदी व शिक्षणखात्याचा पत्रव्यवहार यांवरूनच.

सूचीकार मात्र हे साहित्य कारकुनी समजतात. नवी दाखलवही उतरून झाली की जुनी अडगळीत जाते. आणि जुनीच्या समासात कोणी केलेले टिपण नव्या वहीत उतरण्याची शक्यता थोडीच. पोथी कोणाकडून, कोणत्या साली, किती मोलाने आली, विकत की नक्कल करवून, आणि पुढे कोणाला उसनी दिली, एवढी पाच कलमे संग्रहांनी एका पद्धतीने नोंदविली आणि जुन्या वह्यांच्या प्रतिमा परस्परांना दिल्या, तर खर्च फारसा नाही. मोठ्या एकत्रित सूचीची वाट पाहण्याचेही कारण नाही.

याच सरकारी संग्रहातील काही पोथ्यांच्या निर्देशात साल नाही; केवळ ‘विश्रामबाग’ असे आहे. विश्रामबाग वाड्यात १८२१ मध्ये स्थापन झालेल्या संस्कृत पाठशाळेचा हा वारसा होय. या पोथ्यांच्या बाबतीत तो सालाचा तुटपुंजा आधारही नसल्यामुळे, त्यांचा पूर्वेतिहास शोधणाऱ्याला पाठशाळेच्या आणि दक्षिणा निधीच्या कागदपत्रांकडेच वळावे लागते.