रोमची वाट भोकरदनवरून

पॉम्पेईच्या राखेतून १९३८ मध्ये एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसने ते शहर गाडले, तेव्हा ती तिथल्या एका घरात होती. घडली होती मात्र भारतात. तिच्या जातकुळीची मूर्ती तेरला मिळाली आणि १९७३ च्या उत्खननात भोकरदनलाही. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन, आपल्या बुलढाण्याच्या शिवेपलीकडचे गाव. हे उत्खनन नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून केले होते. अमरावती-अकोल्याकडच्या ग्रीक-रोमन अभ्यासाचा विचार करू लागलो की मला आधी ही मूर्ती आठवते. आमच्या वर्गांत तिची गाठ पडत नाही.

वर्गांत भेटतात ते प्लेटो आणि ॲरिस्टॉटल, तेही वाटणी झालेले. राज्यशास्त्राकडे आदर्श राज्य, तत्त्वज्ञानाकडे सत्तामीमांसा, इंग्रजीच्या एम.ए.कडे शोकांतिका. शेजारशेजारच्या खोल्यांत शिकवला जाणारा ॲरिस्टॉटल एकच आहे, हे पोरांना उशिरा उमगते. विंदा करंदीकरांनी ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र १९५७ मध्ये मराठीत आणले, पु. ल. देशपांड्यांनी ईडिपसला मराठी रंगभूमीची भाषा दिली. तरी परीक्षेच्या आदल्या रात्री हातात असते ते गाईडच. अमरावती विद्यापीठ १९८३ मध्ये उभे राहिले. त्यात ग्रीक वा लॅटिनचा विभाग नाही. मूळ भाषेतली एक ओळही न वाचता लिहिलेला प्रबंध इंग्रजी भाषांतरकारावरचा प्रबंध असतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

याची खंत अधिक वाटते, कारण संस्कृत शिकलेल्या मुलासाठी ग्रीक ही परकी भाषा नाही. संस्कृतातले 'अभरत्' ग्रीकमध्ये 'एफेरे' होते. भूतकाळाचा तो आरंभीचा 'अ' तिथे 'ए' होऊन उभा असतो. द्विवचन आहे, विभक्ती आहेत, आत्मनेपदाला जवळचा प्रयोगही आहे. इंग्रज विद्यार्थी जिथे घाम गाळतो, तिथे आपला विद्यार्थी ओळखीच्या घरात शिरल्यासारखा शिरेल. द्यौस् आणि झ्यूस यांचे नाते त्याला समजावून सांगावे लागणार नाही. पापळसारख्या खेड्यातून निघालेल्या पंजाबराव देशमुखांनी विलायतेत वैदिक धर्मावर संशोधन केले आणि १९३३ मध्ये ते इंग्रजी ग्रंथरूपाने आले. वऱ्हाडच्या मातीतून असा अभ्यासक निघतो, हे तेव्हाच सिद्ध झाले आहे.

साधनेही पायाशी आहेत. वर्धेकाठच्या कौंडिण्यपूरला आपण रुक्मिणीचे माहेर म्हणून जातो; मोरेश्वर दीक्षितांनी तिथे केलेल्या उत्खननाचा अहवाल १९६८ मध्ये छापला गेला. मंगरूळपीरजवळच्या तऱ्हाळ्याला, तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात, १९३९ मध्ये सातवाहन नाण्यांचा मोठा साठा सापडला. वा. वि. मिराशींनी तो अभ्यासला आणि पुराणांच्या याद्यांत नसलेले राजे त्यातून पुढे आले. याच सातवाहनांच्या पैठण आणि तेरहून भडोचच्या बंदराकडे माल जात असे. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये तो प्रवास दिवसांच्या हिशेबाने दिला आहे: भडोचहून पैठण वीस दिवस, पुढे पूर्वेला तेर दहा दिवस. कार्ल्याच्या लेण्यात तर यवन दात्यांची नावे प्राकृतात कोरलेली आहेत. ग्रीक मजकूर आणि प्राकृत लेख एकाच टेबलावर ठेवून वाचणारा संशोधक हवा. तो लंडनपेक्षा अकोल्यात घडणे अधिक सोयीचे आहे.

त्यासाठी मोठी इमारत नको. संस्कृत आणि इतिहास विभागांनी मिळून वर्षभराचा ग्रीकचा प्रमाणपत्र वर्ग सुरू करावा, पहिले पाठ्यपुस्तक म्हणून 'पेरिप्लस'मधली पैठण-तेरची पाने घ्यावीत आणि वर्गाची पहिली सहल भोकरदनला न्यावी. प्राध्यापक मित्रहो, येत्या अभ्यास मंडळाच्या बैठकीत एवढा एक विषय मांडा.