सजवलेल्या भिंती, वगळलेले कारागीर

पुण्या-ठाण्यातल्या नव्या इमारतींचे नमुना-फ्लॅट पाहायला जा, टीव्हीमागच्या भिंतीवर हटकून वारली दिसते. छापलेली, विनाइलच्या गुंडाळीतून कापून डकवलेली. मधे स्विचबोर्ड आला की तारप्याभोवतीचा फेर तिथेच तुटतो आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. कारवीच्या कुडावर, शेणा-गेरूच्या सारवणावर, तांदळाच्या पिठाने सवाशिणींनी लिहिलेल्या लग्नचौकातून ही कला आली. वारली चित्रकार जिव्या सोमा मशेंना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१४ साली वारलीला भौगोलिक मानांकन मिळालं. एवढं होऊनही आपल्या दिवाणखान्यात ती शिरली ती छपाईयंत्रातून. याचा मला राग येतो.

मुंबई विमानतळाच्या टर्मिनल दोनमध्ये राजीव सेठींनी २०१४ साली उभं केलेलं ‘जय हे’ हे कलादालन मी मानतो. तिथे कारागिराच्या कामाला जागा आहे, प्रकाश आहे, मान आहे. पण ते संग्रहालय आहे. आपल्या सजावटकारांनी त्यातून फक्त मांडणी उचलली. मधुबनीच्या उशा, काचेच्या कपाटातली बिदरी, चेट्टिनाडचे वाडे मोडून आणलेले खांब ही सगळी खरेदी आहे. तिच्यावर समीक्षा काय लिहायची?

लिहावं असं काम दुसरीकडे झालं आहे. अलिबागजवळ नांदगावच्या नारळबागेत वास्तुरचनाकार बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईने २००७ साली पूर्ण केलेलं पामायरा हाउस घ्या. लाकडी सांगाडा, आणि त्याला ताडाच्या खोडातून काढलेल्या पट्ट्यांची झिलमिली. ती वारा आत घेते, ऊन गाळते, पावसाळ्यात घराला श्वास घेऊ देते. सुतार तिथे ठेकेदाराचा मजूर म्हणून आलेला नाही. नमुने करून पाहत, सांधे ठरवत तो रचनेतच सामील आहे. त्याचं काम काढून घेतलं तर घरच उरत नाही. माझी कसोटी हीच आहे.

या कसोटीला उतरेल असं आपल्याकडे कितीतरी आहे. सनगर विणकरांच्या खड्डामागावर दख्खनी मेंढीच्या लोकरीचं घोंगडं विणलं जातं, ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. ती जाड, खरखरीत लोकर आवाज शोषून घेते. काच आणि टाइल्सनी भरलेल्या फ्लॅटमध्ये शब्दन् शब्द घुमतो, तिथे भिंतीवर ताणलेलं घोंगडं खरं काम करील. बुरुडाची बांबूची तट्टी छताखाली शोभते आणि उन्हाची झळही अडवते. चेट्टिनाडातल्या आत्तंगुडीची फरशी काचेवर रंगीत सिमेंट ओतून घडवतात आणि भट्टीत न भाजता पाण्यात मुरवतात. वाळ्याचे पडदे तर आपल्या आजोळच्या घरांत होतेच. एअर कंडिशनर आला आणि आपण ते विसरलो.

मग हे होत का नाही? सजावटकार म्हणतात, कारागीर वेळ पाळत नाही, माप चुकवतो. इटालियन संगमरवरासाठी हीच मंडळी महिने महिने थांबतात. आणि माप चुकतं, कारण ते बुरुडाला शेवटच्या आठवड्यात, फोनवर कळतं. पूर्वी बांबूतोडीच्या कायद्याची सबब तरी होती. २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळला, तीही गेली. आता उरतो तो फक्त आळस, आणि त्याच्या मुळाशी असलेली उतरंड. रेखाटणारा वर, घडवणारा खाली. नळाच्या कंपनीचं नाव अंदाजपत्रकात ठळक छापतात आणि तट्टी विणणाऱ्याला ‘इतर खर्चा’त टाकतात. ज्याच्या हाताशिवाय ती भिंत उभी राहणार नाही, त्याला नाव नाही, रचनेत मत नाही, दर ठरवायचा अधिकार नाही. अशा सजावटीला ‘भारतीय’ म्हणायला माझी तयारी नाही, तिच्यावर कितीही मोर काढलेले असोत.

सजावट शिकवणाऱ्या महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना एक सत्र तरी मागावर, सुताराच्या पेठेत, बुरूडआळीत बसवावं. सजावटकारांनी पहिल्या रेखाटनाच्या बैठकीला कारागिराला बोलवावं. आणि घर करायला काढलेल्या वाचकांना माझी विनंती आहे: अंदाजपत्रक हातात आलं की त्यात कारागिराचं नाव आणि त्याची मजुरी यांची स्वतंत्र ओळ मागा. ती नसेल तर सही करू नका.