एकाच जोडाचं घर

कॅम्पिंगचा ट्रेलर बघायला गेलं की विकणारा आधी दार उघडून आत नेतो. गाद्या दाखवतो, शेगडी पेटवून दाखवतो, पडदे सरकवून दाखवतो. माझं सांगणं असं की लगेच आत जाऊच नये. देवळाला घालतो तशी सावकाश एक प्रदक्षिणा घालावी आणि फक्त जोड बघावेत. पत्र्याला पत्रा कुठे मिळतो, छत भिंतीवर कुठे टेकतं, खिडकीची चौकट कशात बसवली आहे. ट्रेलर म्हणजे पावसापाण्यात ताशी नव्वद-शंभर किलोमीटरने हादरत जाणारं घर. असं घर भिंतीच्या मधोमध गळत नाही, जोडात गळतं.

हे आम्ही किंमत मोजून शिकलो. मुलं लहान असताना घेतलेला आमचा पहिला ट्रेलर बावीस फुटी होता. लाकडी सांगाडा, वरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आत स्वतंत्र न्हाणीघरसुद्धा. दुसऱ्या वर्षी बर्फ वितळल्यावर कोपऱ्यातल्या कपाटामागे हात लावला, तर भिंत ओल्या पावासारखी आत दबली. पत्रा शाबूत आणि आतलं लाकूड काळं, भुसभुशीत. छताच्या कडेच्या पट्टीखालचं सीलंट बोटभर सुटलं होतं, एवढंच कारण. त्यानंतर ज्या ट्रेलरपाशी आमचा शोध थांबला, तो तेरा फुटी बोलर. १९७०च्या दशकातला, म्हणजे माझ्याच वयाचा.

बोलर १९६८ साली कॅनडातल्या विनिपेगमध्ये जन्मला, आम्ही राहतो त्याच गावात. रे ओलेको या माणसाने त्याआधी फायबरग्लासची सेप्टिक टाकी घडवली होती. वजनाला हलकी, सांडपाणी बाहेर न सोडणारी टाकी. त्याच सामग्रीतून सँडोर ड्युसा या सहकाऱ्याबरोबर त्याने हा ट्रेलर काढला. आकार गोल बोलर हॅटसारखा, म्हणून नाव बोलर. १९८८ पर्यंत साधारण दहा हजार बोलर तयार झाले. टाकीचा आणि घराचा हा संबंध मला फार आवडतो. आतलं पाणी बाहेर जाऊ द्यायचं नाही, हा प्रश्न ज्याने सोडवला होता, त्याने फक्त बाजू उलटी केली.

आता कवचाकडे बघू. फायबरग्लासचं काम साच्यात होतं आणि त्याचा क्रम मोठा लोभस आहे. साच्याला आतून मेण लावतात, त्यावर जेलकोटचा थर देतात आणि मग राळेत भिजलेले काचतंतू बसवून रोलरने त्यातले हवेचे बुडबुडे काढतात. म्हणजे जो थर शेवटी ऊन-पाऊस झेलणार, तो सगळ्यांत आधी घडतो. रांगोळीत शेवटची रेघ आधी ओढून बाकीची रांगोळी मागून भरावी, तसं काहीसं. साच्यातून निघालेला तुकडा जेमतेम काही मिलिमीटर जाड असतो, पण त्यावर एकही सपाट जागा नाही. छत सगळ्या बाजूंनी वळत भिंतीत उतरतं, भिंत वळत पोटाखाली जाते. अंड्याचं कवच ज्या कारणाने मुठीत सहज फुटत नाही, तेच कारण इथे. हाताच्या पंजाने छताच्या कडेवरून भिंतीपर्यंत यावं. छत कुठे संपलं आणि भिंत कुठे सुरू झाली ते पंजाला सांगता येत नाही.

हे कवच दोन भागांत घडतं, वरचा आणि खालचा, दोन द्रोण तोंडाला तोंड लावून ठेवावेत तसे. त्यांचा जो जोड, तोच अख्ख्या कवचाचा एकमेव जोड. तो कुठे घातला आहे पाहा. छतावर नाही, जिथे पाणी साचेल. कोपऱ्यात नाही, जिथे वारा पाणी घुसवेल. बरोबर कमरेला, जिथून पाणी वाहत खाली जातं, थांबत नाही. आतून तो पुन्हा काचतंतू आणि राळ लावून एकजीव केलेला आणि बाहेरून त्यावर एक पट्टी. मी तिला कंबरपट्टा म्हणते. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं, शोभेसाठी आहे. खरं तर घराचं सगळ्यात नाजूक ठिकाण या माणसांनी दागिना घालावा तसं झाकलं आहे. इतकी सरळ आणि इतकी विचारी रेघ मी दुसऱ्या ट्रेलरवर पाहिलेली नाही.

जोड एकच असला तरी भोकं मात्र आहेत, हे घेणाऱ्याने विसरू नये. खिडक्या, छताचा झरोका आणि आतली कपाटं बाहेरून धरून ठेवणारे रिव्हेट. पन्नास वर्षांच्या बोलरमध्ये पाणी येतं ते यांतूनच. फरक असा की रिव्हेट एका दुपारी बदलता येतो, कुजलेला सांगाडा नाही.

मग खाली वाकावं, खरं म्हणजे आडवंच व्हावं. चासीची दांडी पुढच्या हुकाकडे वळते त्या वळणावर लोखंडाला तडा गेला आहे का, हे टॉर्च मारून बघायचं. त्यानंतर आस. आमच्या बोलरला कमानपाटे नाहीत. एक चौकोनी नळी, तिच्या आत चौकोनीच पण पंचेचाळीस अंशांत फिरवलेला दांडा, आणि दोघांमध्ये उरलेल्या चार कोपऱ्यांत रबराच्या चार कांड्या. चाक खड्ड्यात गेलं की आतला दांडा फिरू पाहतो आणि रबर त्याला पिळदारपणे मागे ढकलतं. घासणारं काही नाही, वंगण घालायला काही नाही, आणि सगळं एका नळीत लपलेलं. रबर वीस-पंचवीस वर्षांत कडक होतं, ते ओळखायची खूण साधी आहे. ट्रेलर रिकामा असताना चाकाची भुजा आसापासून खाली उतरत गेलेली हवी. ती वर उचललेली दिसली तर रबर थकलं. आमची तशीच होती. आम्ही किंमत कमी करून घेतली आणि पहिल्याच उन्हाळ्यात नवा आस बसवला. त्यानंतर कपाटातल्या कपबशांचा आवाज बंद झाला.

तोलाची गोष्ट मराठी माणसाला वेगळी शिकवावी लागू नये. बैलगाडीत ओझं मागे जास्त झालं तर गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलतं. ट्रेलरचं तसंच. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या हुकावर हवा, त्यापेक्षा कमी झाला तर वेगात ट्रेलर शेपूट हलवू लागतो. आमचा बोलर सामानासकट सहाशे किलोच्या आसपास भरतो, म्हणजे हुकावर साठ ते नव्वद. पहिल्या सहलीच्या आदल्या रात्री नवऱ्याने बाथरूममधला वजनकाटा अंगणात आणला, त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून दांडीचं टोक टेकवलं. त्रेपन्न. मी तांदळाचा डबा आणि पाण्याचा कॅन मागच्या बाकाखालून काढून पुढे ठेवला. सत्तर. या छोट्या घराचं मला एक विशेष वाटतं: तांदळाचा डबा कुठे ठेवला, हे त्याच्या चालीत दिसतं.

आता आत यायला हरकत नाही. अंगाची लांबी साधारण दहा फूट, बाकीचे तीन फूट दांडीचे. रुंदी साडेसहाच्या आसपास. पुढे एक बाक, मागे दोन बाकांच्या मध्ये टेबल, मधल्या भिंतीला छोटा ओटा आणि दाराशेजारी एक अरुंद, उंच कपाट. हे कपाट बघून बहुतेकांना वाटतं की काढून टाकलं तर किती जागा होईल. काहींनी तसं केलंही. मग काही महिन्यांत छत मध्यभागी किंचित बसतं आणि दार चौकटीत अडकू लागतं. कारण कपड्यांचं ते कपाट हा मुळात छताचा खांब आहे. जुन्या वाड्यातल्या खुंट्या मारलेल्या खांबासारखा: भार तोलतो आणि तुमचा सदराही अडकवून घेतो. म्हणून जुना बोलर घेताना दार तीनदा उघडून लावावं. दार जिथे घासतं तिथे छत काहीतरी सांगत असतं.

खिडक्या काचेच्या आडव्या पट्ट्यांच्या, छोटं हॅण्डल फिरवलं की सगळ्या एकदम तिरप्या होतात. मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या न्हाणीघरांत ज्या बघत आपलं बालपण गेलं, त्यांचीच ही जात. मी पहिल्यांदा ते हॅण्डल फिरवलं तेव्हा मला माहीमच्या मामाचं घर आठवलं. पण त्या इथे का आहेत, हे पावसात कळतं. पट्ट्या बाहेरच्या बाजूला खाली झुकतात, त्यामुळे थेंब आत न येता हवा येत राहते. चार माणसं रात्रभर श्वास सोडतात, तो दमटपणा इतक्या लहान जागेत थंड भिंतीवर पाझरू लागतो. भिंतींना आतून फोमचं मऊ अस्तर आहे ते त्यासाठीच, आणि तरीही खिडकीची फट आणि छताचा झरोका थोडा उघडा ठेवावाच लागतो. मुसळधार पावसात निर्धास्त उघडी ठेवता येणारी खिडकी ही लहान घरातली मोठी श्रीमंती आहे.

ओट्याबद्दल थोडक्यात. दोन बर्नर, हाताने दाबायच्या पंपाचं बेसिन, खाली बर्फाची पेटी. चहा, दूध, मॅगी यांना पुरेसं. फोडणी मात्र आत करू नये. अस्तर हिंगाचा वास आठवडाभर सोडत नाही. पोह्यांची कढई आमच्याकडे बाहेर, सुटी शेगडी मांडूनच चढते.

या सगळ्याचा कळस म्हणजे रात्रीची मांडामांड. जेवणं झाली, ताटं उचलली की टेबलाचा पाय निघतो आणि टेबलाची फळी खाली येऊन दोन बाकांच्या कडांवर अलगद बसते. पाठीच्या गाद्या उतरून त्या फळीवर पडतात, चारी गाद्या एकमेकींना कडेला कड लावून मिळतात आणि जेवणघराचं दोघांचं अंथरूण होतं. पुढे याहून सुंदर काम आहे. बाकाची पाठ खालच्या कडेने वर उचलायची, आडवी करून टेकवायची की तिचाच वरचा पलंग होतो. खाली मुलगा, वर मुलगी. दिवसभर जिला टेकून बसलो, तीच पाठ रात्री मुलीला अंगावर घेते. माझ्या आजीच्या माजघरात दिवसा बसायला, दुपारी निवडायला आणि रात्री निजायला तीच जागा असे, फक्त वर काय पसरलं ते बदले. हे घडवणाऱ्यांनी ते माजघर पाहिलेलं नसणार, पण साडेसहा फुटांत कुटुंब बसवायचं म्हटलं की उत्तर तिथेच पोचतं. मांडामांडीच्या वेळी चौघांपैकी एकाला बाहेर थांबावं लागतं. ती पाळी आमच्याकडे वाटून घेतलेली आहे, आणि खरं सांगायचं तर रायडिंग माउंटन राष्ट्रीय उद्यानातल्या थंड, चांदण्या रात्री ती पाळी कोणी टाळत नाही.

वरचा पलंग लहान मुलासाठीच मापलेला आहे, हे विकत घेणाऱ्याला कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं. मुलगी आता चौदा वर्षांची आहे, तिचे पाय गोल भिंतीला टेकतात. म्हणून गेल्या उन्हाळ्यात त्याच उद्यानातल्या क्लिअर लेकला तिने ट्रेलरशेजारी आपला छोटा तंबू लावला आणि पाठ उचलायचीच नाही असं बजावलं. पहाटे दोनच्या सुमाराला पाऊस आला. दार न घासता उघडलं, ती आत आली, अंधारातच चाचपून भावाच्या डोक्यावरची पाठ उचलली, आडवी टेकवली आणि गुडघे पोटाशी घेऊन वर झोपली. छतावर पाऊस दाणेदार वाजत होता. मी हात लांब करून कंबरपट्ट्यामागची भिंत चाचपली, सवयीने. कोरडी होती. सकाळी खिडकीच्या हॅण्डलवर तिचे ओले मोजे वाळत टाकलेले दिसले.